अठरा मण्यांची माळ

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, चाळीस वर्षं दागिने घडवत आली. ती घडवायची, मी उजळायचो. आमच्या हातून मळका दागिना कधी बाहेर पडला नाही, आणि त्याचा मला भलता तोरा होता.

घरामागे जुनं शहर सापडलं आणि उत्खनन सुरू झालं. खड्डे कोरडे राहावेत म्हणून पंप दिवसरात्र पाणी उपसत. आधी कुंपणाची झाडं वाळली. मग आमच्या विहिरीच्या पाण्याला कुजका वास येऊ लागला. दुसरं पाणी नव्हतं. उकळून, गाळून तेच ताईच्या दोन वर्षांच्या नातीला पाजत होतो.

"मेलेल्यांची भांडी जपायला जित्यांचं पाणी नासवतात," ताई म्हणायची. उत्खननाच्या साहेबांकडे तक्रार केली, तर म्हणाले, "पाण्याला काही धाड भरलेली नाही, आजी."

ताईने वाद घातला नाही. दर महिन्याला चांदीचा एक मणी तारेला बांधून विहिरीत सोडायची, महिन्याने काढून न पुसता ओवायची. पहिले मणी पांढरे, पुढचे पिवळट, मग तपकिरी. अठरावा काळाकुट्ट निघाला. बघणारे त्याला कला म्हणत, ताई म्हणे पंचनामा. खोदकामाची मुदत वाढवायची की नाही, हे ठरवायला समिती येणार होती. त्या समितीपुढे ताईला ती माळ ठेवायची होती.

आदल्या दुपारी ताई म्हणाली, "माळेचा तेवढा फासा झाळून दे रे." मी डाख लावून झाळला. झाळलं की तेजाबात बुडवायचं, ब्रशने घासायचं, उजळायच्या चाकावर धरायचं. जित्याची खोड! भानावर आलो तेव्हा अठराच्या अठरा मणी लखलखत होते. स्वतःचे हात तोडावेसे वाटले.

ताई रागावली नाही, तेच जास्त लागलं. तिने समितीला सगळं सांगितलं. साहेबांनी माळ बोटावर झुलवली. "काळी कुठाय, आजी? चकाकतेय की!" सगळे हसले. पाच वर्षांची मुदत मिळाली.

घरी आलो तेव्हाही पंप चालूच होता. नातीचा चांदीचा चमचा सकाळपासून पाण्याच्या पेल्यात राहिला होता. मी बाहेर काढला. पाण्यात बुडाला होता तेवढा भाग काळा पडला होता.

"मामा, द्या इकडे, घासून ठेवते," ताईची सून म्हणाली.

मी चमचा मुठीत आवळून धरला. तोवर नातीने पेला तोंडाला लावला होता.