देवाशी अबोला धरलेली माणसं

डायलिसिसच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला चार तास जागचं हलता येत नाही. हातात दोन सुया, शेजारी मशीन, आणि टीव्हीवर कोणीच न बघणारी सिरियल. मग माणूस बोलतो. आधी शुगरवर, मग सुनेवर, आणि सुना संपल्या की थेट देवावर! मी विश्रांतवाडीतल्या एका लहानशा सेंटरमध्ये टेक्निशियन आहे. सुया टोचते, मशीन लावते आणि ऐकते. घरी जाऊन काही सांगायला लागले की नवरा विचारतो, "तू ड्युटीला जातेस की प्रवचनाला?"

* * *

मोघे सर म्हणजे गणिताचे रिटायर्ड शिक्षक. आयुष्यभर रोज गणपतीची पूजा, एक दिवस चुकली नाही. किडन्या गेल्या त्या आठवड्यात सरांनी जाहीर केलं, "आजपासून मी ह्याच्याशी बोलणार नाही." हात जोडणं बंद, आरती बंद, अथर्वशीर्ष बंद.

पण त्यांच्या मिसेस मला हळूच म्हणाल्या, "अगं, रोज सकाळी खाली जाऊन जास्वंद मात्र आणतात. गणपतीपुढे ठेवतात आणि त्याच्याकडे न बघता पाठ फिरवतात."

मी सरांना विचारलंच, "सर, बोलणं बंद ना? मग फुलं कशाला?"

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अहो, घरात अबोला धरला म्हणून कोणी जेवायला वाढायचं थांबतं का?"

मी हसले. पण मशीन धुताना बराच वेळ तेच डोक्यात होतं. इतकं जपून भांडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

* * *

सरांच्या शेजारच्या खुर्चीत रहीमचाचा. येरवड्यात शेरवान्या शिवायचे. आता दुकान मुलगा बघतो. नमाजाची वेळ झाली की चाचा बसल्याबसल्या, सुईचा हात जराही न हलवता, नुसती मान झुकवून नमाज पढतात.

एकदा त्यांचं संपल्यावर सर म्हणाले, "काय चाचा, ऐकतो का तुमचा तरी?"

"ऐकतो की नाही, अल्लाह जाने. पण सर, तुमच्यासारखा मध्ये बोलत नाही!"

सगळी खोली हसली. सर सर्वांत मोठ्यानं.

* * *

हेच चाचा मध्ये काही दिवस एकदम गप्प झाले होते. नमाज चालू होता, पण चेहरा नुसता कोरा. नंतर त्यांनी आपणहून सांगितलं.

"बेटा, मी नमाजाला बसायचो आणि वाटायचं, समोर कोणीच नाही. भिंतीशी बोलतोय मी. ह्या वयात असं! घरात कोणाला सांगणार? शेवटी मौलानांकडे गेलो. म्हटलं, आता शिव्या पडणार."

"मग? रागावले?"

"छे! चटईवर जरा सरकले आणि म्हणाले, 'या, इथं माझ्या बाजूला बसा. मलाही बरेच दिवस तसंच होतंय. दोघं असलो तर सोबत होईल.'"

चाचांचे डोळे भरले होते. माझ्या हातातला कापूस तसाच राहिला.

* * *

आमच्या रोझी सिस्टरचं वेगळंच. कॉलेजात जाणारी एक मुलगी आमच्याकडे डायलिसिसला यायची, सिस्टरची फार लाडकी. ती गेली. त्यानंतर सिस्टरनं चर्चला जाणं सोडलं. रविवार आला की दुसऱ्या कोणाची तरी ड्युटी मागून घ्यायची, म्हणजे घरी सांगायला कारण झालं!

पण सुई टोचताना तिचे ओठ हलायचे. प्रत्येक पेशंटला, प्रत्येक वेळी. मोघे सरांच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं.

"सिस्टर, प्रार्थनेवर विश्वास उरला नाही म्हणता, मग हे काय पुटपुटता?"

सिस्टर टेप लावता लावता म्हणाली, "हे तुमच्यासाठी आहे सर. माझं मी नंतर बघीन."

 

* * *

आणि हौसाबाई. वाघोलीच्या पुढच्या एका गावातून यायच्या. कपाळभर कुंकू, बोलणं कमी. एका दुपारी लाइट गेली, टीव्ही बंद पडला, मशिनं बॅटरीवर. खोलीत एकदम शांतता. सरांनी सहज विचारलं, "हौसाबाई, तुम्हाला कधी देवाची शंका आली नाही?"

"आली की," बाई म्हणाल्या. "माझी लेक तापानं गेली. साळंत जायची. समदे नवस केले, अनवाणी जेजुरीला गेले. तरी गेली. तेरावा झाला आन् म्या देवघरातले चांदीचे टाक उचलले, खंडोबा, भवानी, समदे. नेऊन इहिरीत टाकले."

चाचांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"घरचे लई बोलले. पर दुसऱ्या दिशी सकाळी हात आपसूक देवघराकडं गेला. नुसता पाट व्हता. म्या त्यो पुसला, हळद-कुंकू वाहिलं, दिवा लावला. मग रोजच लावाया लागले."

"रिकाम्या पाटाला?" चाचांनी विचारलं.

"व्हय. त्याला परत यावंसं वाटलं, तर बसाया जागा नगं?"

सिस्टर हातातलं काम सोडून जवळ येऊन उभी राहिली होती.

"लई वर्सं गेली. मग एका उन्हाळ्यात इहीर आटली, गाळ काढला, आन् टाक सापडले. काळे पडल्याले, पर समदे."

"मग?" सर पुढे वाकले. "परत मांडलेत पाटावर?"

"न्हाई. घासूनपुसून सुनेला दिले. तिच्या देवघरात हायती."

"आणि तुमचा पाट?"

हौसाबाईंनी सुईच्या हाताकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "तितं आता जागा न्हाई, सर. तितं कुनीतरी बसतंय."