पाण्याकडे पाठ करून बसणारा माणूस

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण जशी घडली तशी आजही आठवते ती एका मुक्या फोनची केस. गुन्हा म्हणाल तर फुटकळ. एक माणूस कंट्रोल रूमला फोन लावायचा आणि एक शब्दही बोलायचा नाही.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी सांगतो. मी भंडाऱ्याकडचा. आठवीतून शाळा सुटली. त्या काळी तेवढ्यावर शिपाई होता यायचं, म्हणून झालो आणि बदल्या होत होत नाशिकला येऊन टेकलो, तो कायमचाच. "काय होऊन राहिलं बे?" म्हणून माझ्या बोलीची नक्कल करणाऱ्या याच शहराने मला घर दिलं, पोरींना शिकवलं. ते उपकार मी विसरत नाही. ही घटना घडली तेव्हा मी सहायक फौजदार होतो. निवृत्तीला सहा महिने उरले होते आणि प्रत्येक सही करताना, हा कागद उद्या आपल्यावर उलटणार तर नाही ना, ही धास्ती असायची.

अक्षर बरं, म्हणून ठाण्यातल्या अकस्मात मृत्यूंचे पंचनामे वर्षानुवर्षं माझ्याच गळ्यात पडले. त्यात पाण्यात बुडालेले सगळ्यात जास्त, कारण आमच्या हद्दीत गोदावरीचा घाट, कालवा आणि दगडाच्या जुन्या खदानी येतात. पंचनाम्याची भाषा ठरलेली असते. प्रेत उताणे, अंगावर अमुक कपडे, हातात अमुक वस्तू. लिहिणाऱ्याला काय वाटलं, यासाठी रकाना नसतो. मलाही तो कधी हवासा वाटला नव्हता.

मुके फोन सुरू झाले तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. नियम असा की पलीकडून कोणी बोललं नाही तरी गाडी पाठवायची. कदाचित बोलता येत नसेल, कोणी तोंड दाबलं असेल. गाडी जायची, तिथे कोणी नसायचं. दोन महिन्यांत सात वेळा असं झालं. कधी घाट, कधी कालव्याचं गेट, कधी खदान. नेहमी दुपारी. सातव्या वेळी आमची गाडी पुलापाशी रिकामीच फिरत होती, तेव्हाच महामार्गावर अपघात झाला आणि जखमीपर्यंत पोहोचायला उशीर झाला. माणूस वाचला, पण वरून विचारणा आली.

आमचे निरीक्षक माझ्याहून वीस वर्षांनी लहान, तडफदार. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"फौजदार, हा माणूस मला आठवड्यात पाहिजे. खोटी माहिती देऊन यंत्रणेची दिशाभूल करतोय. गुन्हा दाखल करायचा. गयावया केली तरी सोडायचा नाही."

सिमकार्ड नांदगाव तालुक्यातल्या एका बाईच्या नावावर निघालं. चौकशी केली तर ती बाई वारलेली, घराला कुलूप. फोन एरवी बंदच असायचा.

त्याच दिवसांत आमचं एक प्रशिक्षण झालं. मानसिक खंबीरतेचं. अडीचशे खुर्च्यांचा हॉल, पडद्यावर सूर्योदयाची चित्रं आणि माईकवर एक गृहस्थ. "हसा! पोटातून हसा! दोन्ही हात वर करून टाळ्या!" माझ्या शेजारी बसलेला आमच्या ठाण्यातला हवालदार पुटपुटला, "आता रजा मागितली तर टाळ्या वाजवायला सांगतील." शेवटी फॉर्म वाटले. झोप लागते का? वाईट दृश्यं डोळ्यांपुढे येतात का? ताण आहे का? वर स्वतःचं नाव लिहायचं आणि फॉर्म गोळा करायला टेबलामागे आमचेच वरिष्ठ. खरं कोण लिहील? मी लिहिलं, झोप उत्तम, ताण नाही. बंदोबस्तावर गेलेल्या दोघांचे फॉर्मही मीच भरले. तेही उत्तम झोपत होते.

खबर मिळाली ती घाटावरच्या एका फुलवालीकडून. शहराबाहेर तिच्या घरच्यांचा झेंडूचा मळा होता आणि बाई रोज टोपली घेऊन बसायची. मी गस्तीवर असताना तिने हाक मारली.

"दादा, त्या मुक्या फोनवाल्याला हुडकताय ना तुम्ही?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमचेच शिपाई चहा पिताना बोलत्यात. घाटावर काय दडून राहतंय व्हय? एक माणूस येतो इथं. फूल नाय घेत, नारळ नाय घेत. पायरीवर बसतो, फोन कानाला लावतो, बोलत कायबी नाय. मंग उठून जातो."

"घाटावर लोक बसतातच की."

"बसत्यात. पर पाण्याकडं पाठ करून कोण बसतं? इतकी वर्षं मी इथं हाय, समद्यांची तोंडं पाण्याकडं. ह्या एकट्याचीच पाठ." मग टोपलीवर पाणी शिंपडत म्हणाली, "मारूबिरू नका त्याला. लय गरीब तोंडाचा हाय."

इतकी वर्षं पोलिसात काढूनही ही गोष्ट मला सुचली नसती. माणूस कुठे बसतो हे आम्ही बघतो. तो कुणाकडे पाठ करतो हे बघायला फुलवाली लागते.

चौथ्या दिवशी तिचा निरोप आला. मी आणि हवालदार साध्या कपड्यांत पोहोचलो. तो तिसऱ्या पायरीवर बसला होता, फोन हातात, अजून लावलेला नव्हता. मी खांद्यावर हात ठेवला. त्याने वर पाहिलं आणि माझा हात तिथेच राहिला. अग्निशमन दलातला, पाण्यात बुडी मारणारा तो जवान होता. कितीदा त्याने प्रेत वर आणलं होतं आणि मी काठावर बसून लिहिलं होतं!

"काका, चला," तो म्हणाला. कुठे, हेही विचारलं नाही.

निरीक्षकांनी स्वतः चौकशी घेतली. मी लिहायला बसलो.

"कुणाच्या सांगण्यावरून करतोस?"

"चुकून लागला, साहेब."

"सात वेळा? सात ठिकाणांहून?"

"हो."

"सिम कुणाचं?"

"आईचं. वारली ती."

दीड तास हेच चाललं. त्याची नोकरी अजून कायम झाली नव्हती. गुन्हा नोंदला की ती जाणार, हे त्याला माहीत होतं आणि आम्हालाही. खोटं बोलणारा माणूस उत्तर देऊन आपल्या तोंडाकडे बघतो, आपल्याला पटलं का ते तपासतो. हा मात्र सारखा स्वतःच्या तळहातांकडे बघत होता.

वैतागून निरीक्षकांनी सात ठिकाणांची यादी माझ्यापुढे सरकवली. "वाचा एकेक. बघू काय सांगतो ते."

मी वाचायला लागलो. "कालव्याचं गेट." आणि पुढे माझ्याच तोंडून निघालं, "निळी साडी. डाव्या मनगटाला किराण्याची पिशवी."

"हे कुठे लिहिलंय?" निरीक्षकांनी विचारलं.

यादीत यातलं काहीच लिहिलं नव्हतं. मी पुढचं वाचलं. "जुनी खदान. दोघं भाऊ. धाकट्याच्या पायात एकच चप्पल." मला थांबता येईना. तिसरं ठिकाणही तसंच सांगितलं. तेव्हा त्या जवानाने पहिल्यांदा मान वर केली आणि चौथं त्यानेच सांगितलं, "घाट. पांढरी दाढी. मूठ उघडत नव्हती." पाचवं मी सांगितलं, सहावं त्याने. सातवं एक तान्हं मूल होतं. ते आम्ही दोघांनीही सांगितलं नाही, आणि मी इथेही लिहिणार नाही.

हवालदाराने अकस्मात मृत्यूचं रजिस्टर आणलं. सातही नोंदी माझ्या अक्षरातल्या. सातही पंचनाम्यांत, प्रेत पाण्याबाहेर कोणी काढलं यापुढे, या जवानाचंच नाव.

निरीक्षकांचा आवाज खाली आला. "मग फोन कशाला करायचास?"

"फोनवरच्या मॅडम विचारतात ना, साहेब. 'बोला, आपल्याला काय मदत हवी आहे?' तेवढं ऐकायचो. सांगायला जायचो, पण तोंड उघडायचं नाही. मग ठेवून द्यायचो."

"अरे, डॉक्टरकडे जायचं."

"दलात कळलं तर पाण्यावरून काढतील, शिक्का बसेल. मला कायम करायची वेळ आलीय. आणि एवढं एकच काम नीट येतं मला."

मग निरीक्षकांनी टोपी सरळ केली. "वाईट वाटतं. पण गाडी उशिरा पोहोचली, मला वर उत्तर द्यायचंय. फौजदार, घ्या लिहायला."

मी पेन उचललं आणि परत टेबलावर ठेवलं. आयुष्यात साहेबांपुढे असं कधी केलं नव्हतं.

"लिहितो, साहेब. पण मग पहिला आरोपी मला करा."

"काय?"

"प्रशिक्षणाच्या फॉर्मवर मी लिहून दिलंय, झोप उत्तम, ताण नाही. आत्ता तुम्ही ऐकलंत मला काय काय पाठ आहे ते. बंदोबस्तावरच्या दोघांच्या नावानेही मीच खोटं भरलं. हा तर फोनवर काही बोललाच नाही. खोटी माहिती दिली ती मी, सहीनिशी."

"फौजदार, सहा महिने राहिलेत तुमचे. भान आहे का?"

"सहा महिने राहिलेत म्हणूनच गप्प होतो आजवर. आता नाही राहणार. फॉर्म तुम्हीही भरलाय, साहेब. काय लिहिलंत ते मी विचारत नाही."

हवालदार भिंतीकडे बघायला लागला. मला वाटलं, आता निलंबन. निरीक्षकांनी यादी आपल्याकडे ओढली, पुन्हा वाचली. मग त्यांनी ती उलटी केली.

"कायद्याने बघितलं तर याने माहितीच दिलेली नाही," ते हळू म्हणाले. "मग खोटी कुठली?"

प्रत्येक फोनचा शेवट एका शेऱ्याने करावा लागतो. त्या सातही फोनांपुढे त्यांनी स्वतःच्या हाताने शेरा लिहिला: कॉल खरा होता, कॉलरला मदतीची गरज होती, मदत पोहोचण्यास विलंब झाला. त्या दुपारी मी त्यांना सलाम केला तो हुद्द्याला नव्हता.

पुढच्या महिन्यात त्यांनी प्रशिक्षण पुन्हा मागून घेतलं. या वेळी बारा माणसं होती, निम्मे पोलीस आणि निम्मे अग्निशमनचे. फॉर्म नाही, नाव नाही, वरिष्ठांचं टेबल नाही. शिकवायला रुग्णालयातल्या समुपदेशक बाई आल्या. पहिला तास सगळे मख्ख. मग बाई मला म्हणाल्या, "तुम्ही पंचनामे लिहिता ना? आज तुमचा लिहा. कुठे उभे होतात, काय दिसलं, हातपाय काय करत होते. प्रेताचं नको, तुमचं."

मी लिहिलं: इसम काठावर उभा. वय सत्तावन्न. जबडा आवळलेला. दोन्ही तळवे ओले. घरी गेल्यावर पोरींना हात न लावता आधी अंघोळ करतो. एवढं उभं राहून वाचून दाखवलं. कोणी हसलं नाही.

बाईंनी शिकवलं ते साधं होतं. वाईट कामगिरीवरून आल्यावर घरी जाण्याआधी, जे जे तिथे होते त्यांनी दहा मिनिटं एकत्र बसायचं. पाय जमिनीला टेकवायचे, श्वास आत घेतला त्याहून सावकाश बाहेर सोडायचा. काय पाहिलं, काय केलं, डोळ्यांपुढे काय राहिलंय, ते प्रत्येकाने सांगायचं. कोणी उपदेश करायचा नाही. लहान मुलाच्या प्रकरणात पाण्यात उतरलेल्याला लगेच पुन्हा तशाच कामाला उतरवायचं नाही.

"मग उतरणार कोण?" तो जवान तडकून म्हणाला.

"दुसरा उतरेल. तूच शिकव त्याला," बाई म्हणाल्या.

तेव्हा दारातून निरीक्षक आत आले. आम्ही उठायला लागलो. "बसा, बसा," म्हणत त्यांनी एक खुर्ची ओढली, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "माझाही एक आहे. सांगू का?"

तो जवान पुढे कायम झाला. तो पूर्ण बरा झाला असं मी लिहिणार नाही, कारण मीही झालेलो नाही. निळी साडी अजून येते. पण आता ती आली की मी त्याला फोन करतो आणि आम्ही दोघेही बोलतो.

अजूनही लोक म्हणतात, खाकी अंगावर चढवली की एवढं सोसायचंच. जुने सहकारी म्हणतात, आमच्या वेळी नव्हती ही थेरं. दुखणं आमच्याही वेळी होतं, राव. कोणी ते बाटलीत बुडवलं, कोणी बायकोच्या पाठीवर काढलं, आणि एकदोघांच्या घरी आपणच खांदा द्यायला गेलो होतो, विसरलात? मी भित्रा माणूस आहे, कागदाला भिणारा. तरीही हे माझ्या सहीने लिहितो आहे आणि यात मला काडीचीही लाज वाटत नाही.

ड्युटी लावणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. पाण्यात कोण उतरणार त्याचं नाव लिहिता, दोर कोण धरणार त्याचं लिहिता. तो वर आल्यावर त्याच्याशेजारी कोण बसणार, त्याचंही नाव लिहा. नसेल लिहिलं, तर मी ठाण्यात येऊन विचारेन. निवृत्त झालोय, पण जाब विचारायला मला आता कोणाची परवानगी लागत नाही.