मधला आवाज

सुरतेतल्या पांडेसऱ्याहून वहिनींचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो. “भाऊ, ह्या गयात ना...” एवढंच त्या म्हणाल्या. भास्करदादा गेले. त्याआधी दोन महिने मी त्यांच्याकडे फिरकलो नव्हतो. आता सहा आठवडे होतील, पण त्या दोन महिन्यांचा सल मनातून जात नाही.

दादा तरुणपणी धुळ्याकडून सुरतेत आले, कापडाच्या मिलमध्ये रंगमास्तर झाले. मी बँकेतला कारकून. भजनात आमची ओळख झाली. ते निवृत्त झाल्यावर मुलानं त्यांना मोबाईलवर परदेशी गाण्याचा एक प्रकार दाखवला. बार्बरशॉप म्हणतात त्याला. चार पुरुष, वाद्य एकही नाही. एक जण मूळ चाल धरतो, दुसरा त्याच्या वर गातो, तिसरा खाली खर्जात, आणि चौथा उरलेली फट भरतो. दादा खुळावलेच. “आपली बाळगाणी अशी बसवू,” म्हणाले. नातवंडं घरात गुजराती बोलत. आईच्या तोंडची गाणी आपल्याबरोबरच संपणार, हे त्यांना टोचत असे. मग पेटीवर सूर शोधत ते चौघांच्या चार वेगळ्या सरगमी लिहीत. चाल त्यांची, खर्ज माझा. बाकीचे दोन आवाज शेजारच्या पाटील सरांचे आणि शिंपीकाम करणाऱ्या रमेशभाऊंचे. एका अंगाईला पाच महिने लागले...

बमरोलीच्या एका बालवाडीत आम्ही गायलो. चार टकले म्हातारे मांजरीचं गाणं म्हणतात म्हणून मुलं आधी खिदळली. अंगाईला मात्र गप्प झाली, दोन तर खरंच झोपली. रिक्षात दादा सारखे म्हणत होते, “झोपी गयात रे! आपलं काम व्हयनं!”

पुढं त्यांच्या गळ्याचं दुखणं निघालं. आवाज पार बसला, तरी तालमी थांबेनात. ते चाल कुजबुजत आणि आम्ही अंदाजानं गात राहायचो. एके दिवशी मी वैतागलो. “दादा, चालच ऐकू येत नाही. कशाला हा हट्ट? मला आता होत नाही.”

त्यांनी पेटीचा भाता लावला. “बरं. ऱ्हा तू घरी.”

नंतर एकदा त्यांचा फोन आला. गुडघा दुखतोय, असं मी सांगितलं. त्यांनी लगेच फोन ठेवला. गुडघ्याचं खोटं आहे, हे त्यांना कळलं होतं.

गेल्या महिन्यात आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, ती अंगाई म्हणा. दादांच्या खोलीत उभे राहून म्हणायला लागलो. तिन्ही आवाज बरोबर लागले, पण गाणं कोणतं ते ओळखू येईना. तेवढ्यात आतून वहिनींनी चाल उचलली. आवाज बारीक, सुराला थोडा कमीच. दुसऱ्या ओळीला त्या अडखळल्या. “पुढलं माले याद नही, भाऊ.” पुढं आम्हालाही नेता येईना. ती चाल शेकडो वेळा ऐकलेली, पण धरायला गेलं की प्रत्येकाचा गळा आपापल्या वाटेनं जाई.

तरीही रविवारी आम्ही जातो. फार वेळ गाणं होत नाही, दम लागतो. भिंतीशी तिघं उभे राहतो, आणि पाटील सरांच्या आणि माझ्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा राहते. तसं उभं राहायचं कुणी ठरवलेलं नाही.