गुरुवारची टाळी

मशीन ऑइलचा वास आला की भोसरीतला माझा तिसरीचा वर्ग आठवतो. टाळ्या वाजवताना मुलांची लय पळत सुटायची, म्हणून शेजारच्या वर्कशॉपमधल्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या ठोक्यावर मी त्यांना पहिली टाळी द्यायला शिकवलं आणि ठेका बसला. पण स्नेहसंमेलन नेमकं गुरुवारी, वर्कशॉपच्या सुट्टीच्या दिवशी आलं. भिंतीपलीकडे सगळं शांत होतं. मुख्याध्यापिका कुजबुजल्या, "बाई, आज गडबडलं तर संगीताचा तास बंद हं!" माझा चेहरा पाहून प्रेस चालवणाऱ्याची मुलगी म्हणाली, "बाई, घाबरू नका, पप्पांचं मशीन आमच्या डोक्यात चालू हाय." पहिली टाळी सगळ्यांची एकदम पडली आणि शेवटचीही एकदमच पडली. संगीताचा तास अजून आहे, आणि वेळापत्रकात मी तो मुद्दाम गुरुवारी ठेवते.