पाटी सरांनी लावली होती

आदरणीय वामनराव सरांची आणि माझी पहिली भेट भंगाराच्या ढिगाऱ्यावर झाली. तंत्रशिक्षण संस्थेच्या वर्कशॉपात झाडलोट करायला मी नुकतीच लागले होते. कळमनुरीच्या पलीकडच्या तांड्यावरून पायी यायचे. पाहते तर एक गृहस्थ ढिगाऱ्यात कोपरापर्यंत हात घालून काहीतरी उपसत होते. मी दटावलं, भंगार न्यायचं असंल तर आधी हापिसात विचारा. ते मुकाट्यानं गेले आणि शिपायाला घेऊन आले. शिपाई म्हणाला, "मावशी, हे वर्कशॉपचे प्रमुख हायत." सरांच्या हातात गंजकं बेअरिंग होतं आणि चेहरा असा, जसं काही मीच त्यांना नोकरीवर ठेवणार होते.

सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली, म्हणून त्यांचा सत्कार आहे आणि हा ग्रंथ निघतो आहे. त्यात मीही चार शब्द सांगावेत, असा त्यांच्या विद्यार्थ्यांचा आग्रह. मला अक्षर येत न्हाई. मी सांगते, नात लिहिते.

मशिनींची मला पहिल्या दिवसापासून धास्ती. त्यात संस्थेकडं नवं काही घ्यायला पैसा कधीच नव्हता. मागणीचे कागद वर जायचे आणि वरच राहायचे. मग सर मोडक्यातून चालतं काढायचे. ड्रिलचा पट्टा तुटला, तर ट्रॅक्टरचा जुना फॅनबेल्ट बसवला. कानशींना मुठी बाभळीच्या. लोखंड कातायची मशीन, लेथ, तिच्या गिअरचा एक दात तुटला, तेव्हा त्यांनी त्या जागी वेल्डिंगचा थर चढवला, शेजारच्या दाताचं माप पत्र्यावर कापून घेतलं आणि तीन दिवस कानशीनं घासत बसले. सुनेच्या भाकरीची कड सासूनं पाहावी, तसे ते त्या दाताकडं पाहायचे.

त्या लेथचं स्वतःचं बटणही गेलेलं होतं. नवं येईपर्यंत ती भिंतीवरच्या मोठ्या स्विचनंच चालू-बंद व्हायची, आणि धार लावायचा ग्राइंडरही त्याच स्विचवर. आता पुढचं जे सांगते, ते या ग्रंथात दुसऱ्या कुणी लिहिलेलं नसणार. ते आम्हा दोघांनाच ठाऊक आहे.

चौथ्या दिवशी सर तो गिअर लेथमध्ये बसवत होते. झाकण उघडं, डावा हात आत. मी झाडत आले. स्विचला सुतळीनं एक पुठ्ठा टांगलेला दिसला, चांगला जाड. लोखंडाचा कीस भरायला मला असंच काही पाहिजे होतं. मी तो काढून घेतला. वर काळं काळं काही काढलेलं होतं, पण मला त्याचं काय. मी पाठमोरी बसून कीस भरत होते, तेवढ्यात दुसरे एक मास्तर हत्याराला धार लावायला आले. स्विच बंद दिसला, पाटी काही दिसली न्हाई. त्यांनी तो चालू केला.

मशीन अर्धा फेरा फिरली असंल. मास्तरांनी झटकन स्विच पाडला, तोवर सरांच्या तर्जनीचं पेर गेलं होतं. फडक्यात हात गुंडाळताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या पुठ्ठ्याकडं. पुढं येऊन त्यांनी कीस खाली ओतला, पुठ्ठा दुमडला आणि खिशात घातला. तेवढ्यानं मला सगळं कळलं: स्विच लावू नका, असं सांगणारी पाटी होती ती.

चौकशी झाली. पाटी लावली होती का, असं प्राचार्यांनी विचारलं. मी दारात उभी होते. ही रोजंदारी गेली असती तर घरी चूल पेटली नसती. सर म्हणाले, "विसरलो." त्या एका शब्दापायी त्यांचं प्रमुखपद गेलं.

नंतर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, "सर, काहून असं बोललात? पाटी मी काढली व्हती."

"शेवंताबाई, जिथं तुम्ही रोज झाडता, तिथं मी तुम्हाला वाचता न येणारी पाटी लावली. चूक माझीच. तुम्ही कुठं बोलू नका."

मी न्हाई बोलले. त्यांचं ऐकलं म्हणून नव्हे, भ्याले म्हणून.

त्या दिवसापासून सर दुरुस्तीला बसले की फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे, आणि हात आत घालण्याआधी मला हाक मारून तो दाखवायचे. मी चिडवायचे, एक दिवस फ्यूजसकट सदरा धुवायला टाकाल. ते हसायचे. मी हसवायचे, पण मला स्वतःला हसू यायचं न्हाई. मशीन सुरू झाली की झाडू धरून त्यांची बोटं मोजायचे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी वसमतपासून सेनगावपर्यंत कुणाचं काम अडलं की सर हत्यारांची पिशवी घेऊन एसटीत बसतात. नजर मंदावली, हात थरथरतो. ते तिकडं जातात आणि इकडं माझा जीव थाऱ्यावर नसतो.

मागच्या आठवड्यात नातीनं या ग्रंथासाठी तयार केलेला सरांचा परिचय वाचून दाखवला. त्यात लिहिलं आहे, 'अनवधानाने पाटी न लावल्यामुळे एकदा अपघात झाला.' हे छापून राहिलं, तर मी मेल्यावर दुरुस्त कोण करणार? म्हणून सांगते. पाटी सरांनी लावली होती. ती मी काढली आणि भीतीनं गप्प बसले. नातीकडून हे दोनदा वाचून घेतलं. तिनं एकही शब्द मऊ केलेला न्हाई.

सर, तुमची नजर शाबूत राहो, हात बळकट राहोत, शंभरी पार करा. तुमचं ऐकलं न्हाई, याची मला भीती वाटते. लोकांपुढं कोणत्या तोंडानं उभी राहू, याची त्याहून जास्त. तरी सत्काराला मी येऊन राहिले आहे. रागवायचं असंल तर तिथंच, सगळ्यांसमोर रागवा.