थोरल्या डोहावरचा पहारा

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या तिसऱ्या आषाढात, एका बुधवारी दुपारी दोनच्या सुमारास, पैनगंगेच्या थोरल्या डोहात सुरुंगाचे तीन तोटे टाकले गेले. दोन उडाले. एक उडाला नाही. त्या वेळी डोहावर पहारा माझा होता.

शेवटचं वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. बहिणीला तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — की लिहून ठेवलेलं पुसता येत नाही म्हणून? ठरवता येत नाही. पुढे जातो.

आमचं गाव मेहकरपासून अडीच कोसांवर. गावाखाली नदी खडकांत शिरते, अरुंद होते आणि पावसाळ्यात तिथे पाणी असं आपटतं की दोन माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. त्या खळाळातून आम्ही सांगडी सोडायचो. सांगड म्हणजे वाळवलेले मोठे भोपळे दोरीच्या जाळीत घट्ट बांधून वर बांबूची चौकट. त्यावर एकाने बसायचं, हातात फळीचं वल्हं घ्यायचं, आणि खडक चुकवत खाली थोरल्या डोहात उतरायचं. पूर्वी पुरात पलीकडच्या काठाला जाण्यासाठी सांगडी लागत. आम्ही शर्यत लावली — पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यातून सांगड मंडळ झालं.

मंडळ उभं केलं चांदभाईने. चांदभाई पिंजारी. हिवाळ्यात धनुकली खांद्यावर टाकून घरोघर गाद्या-गोधड्यांचा कापूस पिंजायचा, पावसाळ्यात नदीवर. अक्षरओळख सहीपुरती. पण पाण्याचा रंग बघून तो सांगायचा की वर पाऊस किती पडला आणि किती वेळाने इथे पोचेल. त्याचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही.

मंडळाचे नियम त्याचेच. डोहात तोटा टाकायचा नाही. आषाढ-श्रावणात मासे अंडी घालायला वर चढतात, तेव्हा पोळ्यापर्यंत दिवसा पहारा, पाळीपाळीने. आणि अंबाडी डोहात भिजवायची नाही. अंबाडीचा वाख, म्हणजे दोराचा धागा, काढायचा तर पेंढ्या पाण्यात कुजवाव्या लागतात. पाणी काळं पडतं, वास सुटतो, मासे मरतात. म्हणून मंडळाने काठापासून लांब एक मोठा खड्डा खणला, पाट काढून त्यात पाणी सोडलं. लोकांना तिथपर्यंत पेंढ्या वाहून न्याव्या लागत. लोक चिडत. चांदभाईला तोंडावर शिव्या देत. तो म्हणायचा, "द्या न शिव्या. पन तिकडंच न्या पेंढ्या."

मी तेव्हा एका दैनिकाचा मेहकरचा वार्ताहर होतो. मंडळात एकटाच मॅट्रिक. अर्ज मी लिहायचो, मामलेदारांसमोर मी बोलायचो — आणि नदीवर सगळे चांदभाईकडे बघायचे. मला ते आवडत नव्हतं. हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं भित्रेपणावर खपेल.

त्या बुधवारी माझी पाळी बारा ते चार. पूर ओसरून दोन दिवस झाले होते. दोनला माझे भाऊजी आले — थोरल्या बहिणीचा नवरा, रस्त्याच्या कामावर मुकादम. दगड फोडायला तिथे तोटे असत. बरोबर दोन माणसं, एक पिशवी, एक टोपली.

"काऊन बे साल्या," भाऊजी हसले, "नदी पयून जाते काय, की तू राखत बसला?"

मी म्हणालो, डोहात काही करू नका.

"आखाड हाये. साहेब लोक येऊन राह्यले जेवाले. श्रावन लागल्यावर त्यायले काय वांगे चारू? तू पाठ फिरव न जराशी. तू काई पाह्यलंच नाई, मंग झालं काय?"

मी काय करायला हवं होतं? ओरडायला हवं होतं. शेतात माणसं होती; हाक पोचली असती. तोटा टाकणाऱ्यापुढे उभं राहायला हवं होतं. मी पाठ फिरवली. बाभळीपर्यंत चालत गेलो. दोन आवाज झाले — मोठे नाहीत, पाण्याच्या पोटात होतात तसे. वळून पाहिलं तर डोह पांढरा झाला होता. मासे पोट वर करून तरंगतात तेव्हा पाणी पांढरं दिसतं. मोठे होते ते टोपलीत गेले. बाकीचे तसेच राहिले. बाकीचे म्हणजे किती? मी मोजले नाहीत. बातमीत आकडा लागतो, म्हणून मी एरवी सगळं मोजायचो.

भाऊजींनी मला दोन मरळी दिल्या, पळसाच्या पानात गुंडाळून. मी घेतल्या. पाळी अर्धवट टाकून घरी आलो. त्या रात्री आमच्याकडे मरळीचं कालवण होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

चारला पुढच्या पाळीवर चांदभाई आला. मेलेले मासे पाहिले. खडकाच्या कपारीत अडकलेला, वात विझलेला तिसरा तोटा पाहिला. आणि त्याने जे केलं ते फक्त तोच करू शकत होता. त्याने पाण्यात उतरून तो तोटा काढला, रुमालात बांधला, वर थोडे मासे बांधले आणि पुरावा म्हणून अडीच कोस चालत थेट पोलीस ठाण्यात नेऊन टेबलावर ठेवला. कायदा त्याला माहीत नव्हता. ज्याच्या हातात तोटा, तो गुन्हेगार — हे ठाण्यात गेल्यावर त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात गेलो. वार्ताहर म्हणून. चांदभाई ओसरीत भिंतीला टेकून बसला होता. मला पाहून तो उठून उभा राहिला. त्याचा चेहरा मोकळा झाला — हे मी पाहिलं. मी जे पाहिलं तेच लिहितो, असं तेव्हा मी अभिमानाने सांगायचो.

"आले पाहा," तो जमादारांना म्हणाला, "आमचे पेपरवाले भाऊ. कालची दुपारची पाळी यांचीच व्हती. सांगा न भाऊ यायले. कोन आल्तं डोहावर?"

मी म्हणालो, "मी एक वाजताच जेवायला घरी गेलो होतो. मला माहीत नाही."

जमादार हसले. "घ्या! राखनदार जेवाले गेला, अन् तोटा याच्या रुमालात. भारी मंडय हाये बे तुहं."

चांदभाईने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "जेवाले त जावंच लागते, साहेब." तो माझी बाजू घेत होता.

मी ठाण्याबाहेरच्या हॉटेलात बसून बातमी लिहिली. दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडे पाकीट दिलं, नेहमीसारखं. बातमी तिसऱ्या दिवशी छापून आली. ती मला पाठ आहे: "मेहकरजवळ पैनगंगेच्या डोहात मृत मासे आढळून आले. सांगड मंडळाचे प्रमुख चांद पिंजारी यांस सुरुंगाच्या तोट्यासह पोलिसांनी ताब्यात घेतले. तपास चालू आहे."

वाचा परत. काय चूक आहे त्यात? मासे मेलेले होते. तोटा त्याच्याकडे होता. ताब्यात घेतलं होतं. तपास चालू होता. एक शब्द खोटा नाही. संपादकांनी एक अक्षर बदललं नाही; बदलण्यासारखं काही नव्हतंच. मला हेच शिकवलेलं होतं — मत नको, विशेषणं नकोत, घडलं तेवढं लिहा. त्या शिकवणीने मी एका माणसाला गाडला आणि हातावर मातीचा कण लागू दिला नाही. आज कुणी माझ्यासमोर 'निःपक्षपाती' म्हणालं की माझं डोकं फिरतं. कुणाच्या पक्षात नव्हतो मी? भाऊजींच्या होतो. माझ्या होतो. मरळीच्या ताटाच्या होतो.

आणि गाव? गावाने ती बातमी चावडीवर मोठ्याने वाचली. ज्यांना पेंढ्या लांब वाहाव्या लागत होत्या, ते म्हणाले, पाहा, आम्हाला नियम आणि स्वतःला मासे. विश्वास ठेवायला त्यांना दोन मिनिटं लागली नाहीत. तो चांदभाई होता, कुणी गणपतराव नव्हता, म्हणून ते आणखी सोपं गेलं. हे असं होणार, हे पाकीट कंडक्टरच्या हातात देताना मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणालो, तर ते या लिखाणातलं पहिलं खोटं होईल.

बहिणीचा संसार वाचवला, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. बहिणीचा संसार कुणी मागितलाच नव्हता. जमादारांनी फक्त एक नाव विचारलं होतं.

आठ दिवसांनी चांदभाईला सोडलं. खटला उभा राहिला नाही. ती बातमी मी पाठवली नाही.

पोळ्याच्या शर्यतीला परवानगी मिळाली नाही. पहारा बंद पडला. मंडळाच्या पुढच्या बैठकीला तिघं आले. मी गेलो नाही. दिवाळीनंतर लोकांनी अंबाडी सरळ डोहात टाकली, आणि खड्डा गाळाने भरला. त्या हिवाळ्यात गावातल्या एकाही घराने चांदभाईला कापूस पिंजायला बोलावलं नाही — आमच्याही घराने नाही. आईने त्याला सांगावा धाडते म्हटलं, तेव्हा या वर्षी राहू दे, असं मी म्हणालो. माघ उजाडण्याआधी तो बायको-मुलांसह देऊळगाव राजाला सासुरवाडीला निघून गेला.

चार वर्षांनी बाजार समितीच्या एका बैठकीची बातमी घ्यायला मी देऊळगाव राजाला गेलो होतो. स्टँडजवळ गाद्यांचं दुकान होतं. आतून हाक आली. चांदभाई कापसाने पांढरा झालेला होता, भुवयांसकट. त्याने मला आत बसवलं, चहा मागवला. बहिणीची खुशाली विचारली. मग म्हणाला, "डोह कसा हाये, भाऊ?"

मी म्हणालो, "बरा आहे."

दुकानात आणखी दोघं काम करत होते. चांदभाईने त्यांना माझी ओळख करून दिली. "हे आमच्या मंडयातले. पेपरात लिवतेत. पहाऱ्याची पाळी यायनं कधी चुकवली नाई."

मी मान हलवली आणि चहा संपवला.