पत्त्यावर नसलेलं घर

कल्पना करा, तुमच्यापुढे जुन्या कागदांचा ढीग आहे. देशात कुठे, कधी दरड कोसळली ते त्यातून शोधायचं आणि संगणकात भरायचं. सोपं वाटतं ना? गोची अशी, की ज्याच्या अंगणात डोंगर येतो तो माणूस ‘दरड कोसळली’ असं लिहीतच नाही. तो शेजाऱ्याच्या नावानं बोंब मारतो.

आमच्या कार्यालयातल्या दरडताई हेच काम करतात. त्यांच्या घरी कपाटातून कपड्यांचा ढीग घसरला, तर मुलगी ओरडते, “आई, नोंद कर! जीवितहानी नाही!”

परवा ताईंना कोर्टातला एक जुना दावा सापडला. वादीचं म्हणणं, वरच्या शेजाऱ्याचं लाकडी घर खुराड्यासकट माझ्या अंगणात येऊन बसलंय, तेव्हा इथे घातलेली अंडी माझी. शेजाऱ्याचं म्हणणं, कोंबड्या माझ्या, अंडी माझी. डोंगराला मी आमंत्रण दिलं होतं का?

ताईंनी ताबडतोब नोंद भरली. नोंदी तपासणारे भूगर्भवाले साहेब चष्मा सावरत आले.

“ताई, विस्थापित सोळा?”

“नवरा-बायको आणि चौदा कोंबड्या.”

“अहो, हा रकाना माणसांचा आहे!”

“घर गेलं ना बिचाऱ्यांचं?”

“घर घेऊनच गेल्या की त्या! विस्थापित कुठून झाल्या?”

साहेबांनी कोंबड्या खोडल्या आणि ते गंभीर झाले. “तारीख नाही. दाव्यात नुसतं ‘गेल्या पावसाळ्यात’ आहे, ते चालत नाही. दुसरा पुरावाही नाही. शनिवारी यादी बंद. तोवर मिळालं नाही तर ही नोंद बाद.”

ताईंचा चेहरा पडला. त्याच उताराखाली आता शाळा बांधायचं घाटतंय. “नकाशावर ठिपका दिसला नाही की लोकांना वाटतं, डोंगर स्वभावानं गरीब आहे,” त्या पुटपुटल्या.

मग त्यांनी वर्तमानपत्रं चाळली, रस्तादुरुस्तीचे अहवाल चाळले. काही नाही. शुक्रवारी दुपारी, डबा तसाच ठेवून, त्या टपालखात्याच्या गठ्ठ्याकडे वळल्या. त्यात पत्र परत का आणलं याबद्दल एका पोस्टमननं वरिष्ठांना दिलेला खुलासा होता:

‘पत्ता बरोबर आहे. घर पत्त्यावर नाही. काल रात्री ते डोंगरासह खालच्या शेजाऱ्याकडे गेले. मंडळी सुखरूप असून अंड्यांवरून भांडत आहेत.’

वर तारीख, आणि दाव्यातलीच दोन्ही नावं!

ताईंनी अशी किंकाळी फोडली की शिपाई पाण्याची बादली घेऊन धावत आला. साहेबांनी खुलासा वाचला, हसू दाबायला ते खोकले आणि त्यांनी नकाशावर लाल ठिपका टाकला. सोमवारी शाळावाल्यांचा वैतागलेला फोन आला: दुसरी जागा बघतोय.

“झालं ना मनासारखं?” साहेबांनी विचारलं.

“झालं हो. पण मला एक सांगा. घर समोर दिसतंय, माणसं भांडताना दिसताहेत. मग त्या मेल्या पोस्टमननं जरा खाली उतरून पत्र का नाही दिलं?”